‘मायसेल्फ’ मागे ठेवणारे सहा रविवार

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमध्ये मी गेली अकरा वर्षे द्राक्षनिर्यातीचा पत्रव्यवहार आणि कागदपत्रे सांभाळते. जानेवारी ते एप्रिल या हंगामात आमचे कंटेनर न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला आणि इंग्लंडला जातात, आणि त्या चार महिन्यांत मला कधीही न भेटलेली कितीतरी माणसे केवळ फोनवरच्या आवाजावरून किंवा ईमेलखालच्या नावावरून ओळखू लागतात. बिल ऑफ लेडिंग, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, पॅकिंग लिस्ट या कागदांमधले इंग्रजी मला रोजच्या सवयीने येते. परंतु नवीन खरेदीदारासमोर ‘मी कोण आणि मी काय करते’ हे दोन वाक्यांत सांगायची वेळ आली की माझे इंग्रजी अडखळत असे. आमच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून मिळाले आणि तेही वाचून भाषांतर करण्यापुरते. स्वतःविषयी बोलण्याचा सराव कोणी करून घेतला नाही.

म्हणून गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये, पॅकहाउस रिकामे असताना, नाशिकच्या कॉलेज रोड परिसरातील एका छोट्या वर्गात मी नाव घातले. विषय एकच होता: व्यावसायिक इंग्रजीत स्वतःची ओळख करून देणे, समोरासमोर आणि ईमेलवर. सहा रविवार, प्रत्येकी तीन तास आणि शुल्क साडेसहा हजार रुपये. एवढ्याशा विषयासाठी अठरा तास कशाला, असे घरी विचारले गेले आणि मलाही तसेच वाटले होते. आता मला तो वेळ पुरेसा वाटतो, काही बाबतींत थोडा कमीच. वर्गाचे नाव मी लिहीत नाही, कारण मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि एका व्यक्तीच्या बळावर चालणाऱ्या वर्गाला त्या नावानिशी चिकटाव्यात अशी माझी इच्छा नाही. अशा वर्गात काय शिकवले जायला हवे आणि काय तपासून मग पैसे भरावेत, हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही बारा जण होतो. सातपूरच्या औषध कारखान्यातील एक गुणवत्ता अधिकारी, अंबडमधील एका सुट्या भागांच्या कारखान्याचे मालक, परदेशी जाण्याच्या तयारीतल्या दोन परिचारिका, एक सनदी लेखापाल, नुकतीच पदवी घेतलेली काही मुले आणि मी. शिकवणाऱ्या बाई पूर्वी मुंबईत जहाजवाहतुकीच्या कंपनीत बरीच वर्षे होत्या, म्हणजे त्यांनी स्वतः हे सारे फोनवर आणि पत्रांत केलेले होते. हे त्यांच्या प्रत्येक उदाहरणातून जाणवत असे.

पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला एकेकाला उभे करून ओळख करून द्यायला सांगितली आणि बारापैकी नऊ जणांनी ‘मायसेल्फ’ या शब्दाने सुरुवात केली. मीही त्यात होते. या चुकीबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण ते बहुधा हिणवण्याच्या सुरात असते. चूक नेमकी कशात आहे हे मला तोवर कोणी समजावले नव्हते. बाईंनी ते मराठीतूनच समजावले. ‘मायसेल्फ’ म्हणजे ‘मी’ नव्हे, तर ‘स्वतःला’ किंवा ‘स्वतः’. करणारा आणि ज्याच्यावर क्रिया होते तो एकच असेल तेव्हा, किंवा ‘मी स्वतः ते पाहिले’ अशा जोर देण्याच्या ठिकाणी तो शब्द येतो. वाक्याचा कर्ता म्हणून तो एकटा उभा राहू शकत नाही. मग त्यांनी फळ्यावर आमची वाक्ये शब्दशः मराठीत लिहिली: ‘स्वतःला सुनीता, निफाडहून.’ मराठीत असे कोणी कधी बोलणार नाही, हे पाहताक्षणी सगळ्यांना कळले. वीस वर्षांत जी सवय सुटली नव्हती ती त्या एका ओळीने सुटली. ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ हे साधे शब्द पुरेसे आहेत, आणि ते साधे आहेत म्हणून कमी दर्जाचे नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितले.

त्याच रविवारी आणि पुढच्या रविवारी जे शिकवले गेले, ते माझ्या मते या वर्गाचे खरे मोल आहे. आपल्या चुका अज्ञानातून येत नाहीत, त्या आपल्या भाषेच्या घडणीतून येतात, आणि म्हणून त्या घडणीकडे पाहूनच सुधारता येतात, या धोरणाने बाई शिकवत होत्या. ‘मी दहा वर्षांपासून येथे काम करते’ हे मराठीत वर्तमानकाळात बोलले जाते, त्यामुळे इंग्रजीतही आपण वर्तमानकाळच वापरतो आणि वर ‘सिन्स टेन इयर्स’ जोडतो. इंग्रजीला तेथे ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’ असा भूतकाळाला धरून असलेला काळ लागतो. शिवाय मराठीचा ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, २०१४ पासून आणि दहा वर्षांपासून. इंग्रजीत मात्र आरंभाच्या क्षणाला ‘सिन्स’ आणि कालावधीला ‘फॉर’ अशी वाटणी आहे. ‘सिन्स २०१४’ बरोबर, ‘फॉर टेन इयर्स’ही बरोबर, दोहोंची सरमिसळ चूक. ‘आय ॲम हॅविंग’ याचेही तसेच. अनुभव, पदवी, दोन मुले या गोष्टी आपल्याजवळ असतात, आपण त्या या क्षणी ‘करत’ नसतो, म्हणून तेथे ‘आय हॅव’.

काही शब्द आपल्याकडे एका अर्थाने आणि इतरत्र दुसऱ्या अर्थाने चालतात. ‘आय पास्ड आउट इन २००५’ असे आपण पदवीविषयी म्हणतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ‘पासिंग आउट परेड’ असते, तेथे तो शब्द योग्यच आहे, पण कचेरीतल्या इंग्रज किंवा अमेरिकन माणसाला त्यातून शुद्ध हरपल्याचा अर्थ ऐकू येतो. तेथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे. ‘युवर गुड नेम’ हे आपल्या ‘शुभ नाव’चे भाषांतर आहे. त्यामागचा आदर सुंदर आहे, परंतु ऐकणाऱ्याला तो कळत नाही. कंपनीसाठी ‘वर्क फॉर’ किंवा ‘वर्क ॲट’, विभागासाठी ‘इन’, आणि ज्याची जबाबदारी आहे त्यासाठी ‘आय ॲम रिस्पॉन्सिबल फॉर’. या शेवटच्या वाक्याने मला फार उपयोग झाला, कारण आमच्याकडे हुद्द्यांची नावे परदेशी माणसाला काहीच सांगत नाहीत. ‘असिस्टंट मॅनेजर, डॉक्युमेंटेशन’ म्हटल्यावर समोरच्याच्या मनात काही उमटत नाही. ‘तुमचा कंटेनर निघाल्यापासून तुमच्या हाती कागद पडेपर्यंतची जबाबदारी माझी’ म्हटले की त्याला माझा फोन क्रमांक जपून ठेवावासा वाटतो.

तिसरा रविवार नावांसाठी होता. संपूर्ण तीन तास केवळ नावांवर. वेळापत्रकात ते वाचले तेव्हा मला ही चैन वाटली होती, पण आज मी त्या तीन तासांसाठी पुन्हा शुल्क भरेन.

आपली मराठी नावे रोमन लिपीत गेली की त्यांचे काय होते याचा विचार आपण क्वचितच करतो. ‘काळे’ हे आडनाव रोमन अक्षरांत लिहिले की इंग्रजी वाचणारा ते ‘केल’ या पालेभाजीच्या नावासारखे वाचतो. ‘मोरे’ त्याच्या तोंडी ‘मोर’ होते, ‘माने’ ‘मेन’ होते, ‘साने’ ‘सेन’ होते, कारण इंग्रजीत शेवटचा ‘ई’ बहुधा उच्चारला जात नाही. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’सारखा उच्चारतो म्हणून ‘ज्ञानेश्वर’ची सुरुवात डी-एन-वायने करतो. ती अक्षरे सलग पाहून परदेशी माणूस नाव घ्यायलाच कचरतो आणि मग संपूर्ण बैठकीत आपल्याला नावाने हाक मारत नाही. यात त्याचा उद्धटपणा नसतो, त्याला चुकण्याचे भय असते. ते भय दूर करणे हे ओळख करून देणाऱ्याचे काम आहे, असे बाईंचे म्हणणे होते आणि ते मला पूर्ण पटले. नाव सांगताना वेग निम्मा करावा. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये श्वासभर थांबावे. गरज वाटली तर ‘मोरे, दोन अक्षरे, मो आणि रे’ असे सांगावे. आपण आपले नाव आयुष्यभर हजारो वेळा घेतलेले असते म्हणून ते घाईने उरकतो. समोरचा मात्र ते पहिल्यांदा ऐकत असतो.

नावांच्या क्रमाचा प्रश्न माझ्या स्वतःच्या अनुभवाचा होता. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून मतदार यादीपर्यंत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे किंवा पतीचे नाव अशी पद्धत रुळलेली आहे. आमच्या कार्यालयात माझ्या ईमेलचे नावही कोणीतरी तसेच भरले होते. इंग्रजी पद्धतीत शेवटचा शब्द आडनावाचा, त्यामुळे एक डच खरेदीदार दोन हंगाम मला ‘डिअर मिस्टर’ आणि पुढे माझ्या पतीचे नाव असे लिहीत राहिला. मी संकोचाने कधी दुरुस्ती केली नाही. मग जेव्हा त्याचा फोन आला आणि मी तो घेतला, तेव्हा त्याने ‘त्यांना’ बोलवायला सांगितले आणि मीच ती आहे हे पटवून देण्यात कंटेनरच्या तपमानाविषयीचा महत्त्वाचा प्रश्न मागे पडला. वर्गात हे सांगितले तेव्हा आणखी दोन जणींनी असाच अनुभव सांगितला. उपाय सोपा निघाला. ईमेलच्या नावात फक्त स्वतःचे नाव आणि आडनाव, याच क्रमाने ठेवायचे. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव वेगवेगळ्या ओळींत असतात, तेथे तीन भागांचे नाव ठीक, पण व्यवहारातल्या ओळखीला दोनच भाग पुरतात. स्वाक्षरीत नावाआधी एम-एस, म्हणजे ‘मिझ’, लिहिले की परकी व्यक्ती संबोधनात चुकत नाही आणि लग्न झाले की नाही हा प्रश्नही उरत नाही. हे संबोधन आता सर्वमान्य असले तरी ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या वर्तमानपत्राने ते १९८६ मध्ये स्वीकारले, हे बाईंनी सांगितले तेव्हा आम्हा बायकांना नवल वाटले. आपल्या ‘श्रीमती’विषयीचा घोळ आठवला की तेवढे नवलही वाटू नये.

याच रविवारी फोनवर अक्षरे सांगण्याचा सराव झाला. बी, डी, पी, टी, व्ही ही अक्षरे फोनवर एकसारखी ऐकू येतात. आपण ‘डी फॉर दिल्ली’, ‘पी फॉर पुणे’ म्हणतो. देशातल्या देशात ते चालते, पण ज्याला पुण्याचे स्पेलिंग माहीत नाही त्याला त्यातून काही मिळत नाही. विमानवाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना १ मार्च १९५६ पासून जी शब्दमाला वापरते, अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, ती इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या कानांवर तपासून ठरवलेली आहे. म्हणून ती रॉटरडॅममध्येही समजते. आम्ही ती सव्वीस नावे पाठ केली आणि आपापली आडनावे एकमेकांना दुसऱ्या खोलीतून फोनवर सांगून लिहायला लावली. आता कंटेनर क्रमांकही मी याच पद्धतीने सांगते. त्यात चार अक्षरे आणि सात अंक असतात, आणि एक अक्षर चुकले तरी कागद परत येतो.

चौथ्या रविवारचा एक सराव मी पूर्ण वर्णन करून सांगते, कारण तो मी अन्यत्र पाहिलेला नाही आणि घरच्या घरीही करता येतो. तिघांचे गट केले. पहिल्याने तीस सेकंदांत स्वतःची ओळख दुसऱ्याला करून द्यायची. मग दुसऱ्याने, काहीही न लिहिता, पहिल्याची ओळख तिसऱ्याला करून द्यायची. गुण मिळत ते तिसऱ्यापर्यंत काय पोचले त्यावर. अंबडचे कारखानदार गृहस्थ अतिशय अस्खलित बोलले: कंपनीची स्थापना, यंत्रांची संख्या, तीन प्रमाणपत्रे, ग्राहकांची यादी. त्यांच्या जोडीदाराला तिसऱ्यापुढे फक्त ‘हे काहीतरी धातूचे बनवतात’ एवढेच सांगता आले. त्यानंतर एक परिचारिका उभी राहिली. तिचे इंग्रजी तुटक होते. तिने नाव सावकाश सांगितले, नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात सहा वर्षे काम केल्याचे सांगितले आणि ‘रात्रपाळी मला आवडते’ असे एक वाक्य जोडले. तिसऱ्याने ती संपूर्ण ओळख जशीच्या तशी सांगितली, रात्रपाळीसह. ओळख चांगली झाली की नाही हे बोलणाऱ्याच्या तोंडून ठरत नाही, ऐकणाऱ्याला ती पुढे सांगता येते की नाही यावरून ठरते, हे त्या खोलीत आम्हा बाराही जणांना एकदम उमगले. त्या गृहस्थांनी पुढच्या रविवारी आपली ओळख तीन वाक्यांवर आणली होती: नाव, ट्रॅक्टरच्या कोणत्या भागासाठी ते कोणता सुटा भाग बनवतात, आणि सध्या ते कशाच्या शोधात आहेत.

हस्तांदोलन, व्हिजिटिंग कार्ड, उभे राहण्याची पद्धत यांना अर्धा तास दिला गेला आणि तेवढा पुरे होता. ‘हाऊ डू यू डू’ हा प्रश्न नसून जुन्या वळणाचे अभिवादन आहे आणि त्याला तेच शब्द परत द्यायचे असतात, ‘नाइस टू मीट यू’ पहिल्या भेटीत आणि ‘नाइस टू सी यू’ त्यानंतर, ग्राहक आणि सहकारी यांची ओळख करून देताना ग्राहकाला मान द्यायचा म्हणून सहकाऱ्याची ओळख त्याला आधी करून द्यायची, एवढे कामाचे.

आता तक्रारी. पाचवा रविवार ईमेलचा होता आणि माझ्यासारखीला तोच सर्वांत महत्त्वाचा, कारण माझ्या दहापैकी नऊ ओळखी ईमेलवर होतात. सुरुवात उत्तम झाली. ‘रिस्पेक्टेड सर’ हे संबोधन भारताबाहेर जुनाट आणि परके वाटते. ‘डू द नीडफुल’मुळे समोरच्याने नेमके काय करायचे ते कळत नाही. ‘रिव्हर्ट’चा ‘उत्तर देणे’ हा अर्थ आपल्या भागातला आहे, अन्यत्र तो शब्द ‘पूर्वस्थितीला जाणे’ या अर्थाने घेतला जातो, म्हणून सरळ ‘रिप्लाय’ लिहावे. ब्रिटिश वळणाच्या पत्रात ‘डिअर सर ऑर मॅडम’ने सुरुवात झाली तर शेवट ‘युवर्स फेथफुली’ने आणि नावाने सुरुवात झाली तर ‘युवर्स सिन्सिअरली’ने, आणि ईमेलमध्ये बहुतेक ठिकाणी ‘काइंड रिगार्ड्स’ पुरते. हे सगळे बरोबर आणि उपयोगाचे होते. परंतु त्यानंतर आम्हाला आठ तयार नमुने छापून दिले गेले आणि त्यांतल्या रिकाम्या जागा भरायला सांगितल्या. ज्या बाईंनी तीन रविवार प्रत्येकाच्या नावाची, कामाची, उच्चाराची वेगळी काळजी घेतली, त्यांच्याच हातून ईमेलमध्ये आम्ही बाराही जण एकसारखे झालो. प्रत्येकाचे पत्र ‘हे पत्र आपणास कुशल असताना मिळेल अशी आशा करते’ या अर्थाच्या त्याच एका वाक्याने सुरू होत होते. रोज शंभर पत्रे पाहणारा खरेदीदार हे वाक्य वाचतच नाही. पहिली ओळ, जी फोनच्या पडद्यावर पत्र न उघडताही दिसते, ती अशा रीतीने वाया जाते.

माझ्या व्यवसायातले पहिले पत्र कसे असावे, हे मग मी चौथ्या रविवारचाच धडा धरून स्वतः ठरवले. आधी मी लिहीत असे त्या पत्रात आम्ही ताज्या द्राक्षांचे अग्रगण्य निर्यातदार असल्याचे, दर्जा आणि सचोटीवर आमचा विश्वास असल्याचे आणि सोबत माहितीपत्रक जोडल्याचे असे. आता विषयाच्या ओळीतच वाण, देश आणि आठवडा येतो. युरोपातला फळांचा व्यापार तारखांनी नव्हे तर वर्षातल्या आठवड्याच्या क्रमांकाने बोलतो. वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला, आणि तेथून पुढे मोजणी. ‘थॉमसन सीडलेस, भारत, आठवडा ७ पासून’ एवढ्या शब्दांत विषय संपतो. पत्राच्या पहिल्या वाक्यात माझे नाव आणि माझी जबाबदारी. दुसऱ्यात मण्यांचा आकार मिलिमीटरमध्ये आणि पॅकिंग. तिसऱ्यात ग्लोबल गॅप या शेतीच्या चांगल्या पद्धतींविषयीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा तेरा अंकी क्रमांक, ज्यावरून समोरचा आमचे प्रमाणपत्र स्वतः तपासू शकतो, आणि कीडनाशकांच्या अंशाची तपासणी कोठे होते ते. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात नाकारले गेले होते. ज्या खरेदीदाराने ते वर्ष पाहिले आहे, त्याच्या मनातला पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याने विचारण्याआधी उत्तर देणे ही आमच्या धंद्यातली सर्वांत चांगली ओळख आहे. चौथ्या वाक्यात त्याच्याकडून मला काय हवे ते: नमुना पाठवू का, किंवा कोणत्या दिवशी दहा मिनिटे बोलता येईल. माहितीपत्रक जोडणे मी सोडून दिले. मागितले तर पाठवते.

ईमेलच्या धड्यातली दुसरी उणीव स्वाक्षरीची. स्वाक्षरीत फोन क्रमांक देशाच्या संकेतांकासह द्यावा, एवढेच सांगितले गेले. वर्गात तीन जण खासगी मर्यादित कंपन्यांतले होते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर तिचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, एकवीस अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, दूरध्वनी आणि ईमेल द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये तर १ जानेवारी २००७ पासून कंपनीच्या ईमेलवरही नोंदणीचा तपशील देणे बंधनकारक आहे, त्यामुळे तेथून येणाऱ्या पत्रांखाली ती बारीक अक्षरांतली ओळ दिसते आणि आपल्या पत्राखालीही काहीतरी तसे असावे असे तिथल्या माणसाला सहजच वाटते. व्यवसायाचे इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गात यावर दहा मिनिटे तरी द्यायला हवी होती. याउलट पहिल्याच पत्रात आयात-निर्यात कोड लिहू नये, हे मी माझ्या बाजूने सांगेन. हा कोड आता पॅन क्रमांकच असतो, तो अनोळखी माणसाला देण्याचे कारण नाही.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. प्रत्येकाची तीन ईमेल तपासून दिली जातील असे आधी सांगितले होते. माझे एकच तपासून मिळाले, तेही सहाव्या रविवारनंतर पंधरा दिवसांनी. त्या एका पत्रावर बाईंनी लाल शाईत लिहिलेल्या सहा टिपा इतक्या नेमक्या होत्या की उरलेली दोन न मिळाल्याची हळहळ अधिक वाटली. आणि सहावा रविवार. त्या दिवशी उजळणीऐवजी दीड तास पुढच्या, महागड्या अभ्यासक्रमाची माहिती देण्यात गेला, आणि उरलेला वेळ अमेरिकन उच्चारांच्या ध्वनिफितीत. मला अमेरिकन उच्चार नको आहेत. माझे खरेदीदार डच, जर्मन आणि इंग्रज आहेत, त्यांतल्या पहिल्या दोघांसाठीही इंग्रजी ही शिकलेलीच भाषा आहे. स्पष्ट, सावकाश, मराठी वळणाचे इंग्रजी त्यांना छान समजते, हे बाईंनीच तिसऱ्या रविवारी सांगितले होते.

ज्यांना असा वर्ग जवळ नाही त्यांना बीबीसीच्या इंग्रजी शिकवणाऱ्या संकेतस्थळावर कार्यालयीन संभाषणाचे धडे विनामूल्य मिळतात, आणि कानाला सवय होण्यासाठी ते चांगले आहेत. प्रमाणपत्रच हवे असेल तर केंब्रिजच्या व्यावसायिक इंग्रजी परीक्षा आहेत. त्यांच्या तोंडी परीक्षेत उमेदवार जोडीने बसतात आणि सुरुवात स्वतःविषयी व कामाविषयी बोलण्यानेच होते. पण मराठी माणसाचे ‘पासून’ इंग्रजीत कोठे अडते, किंवा ‘काळे’ची पालेभाजी का होते, हे सांगायला मराठी जाणणारा शिक्षकच लागतो. म्हणून नाशिक, सांगली, सोलापूर अशा ठिकाणच्या छोट्या वर्गांचे मला महत्त्व वाटते, आणि म्हणूनच त्यांनी शेवटचा रविवार असा घालवू नये असेही वाटते.

फेब्रुवारीत बर्लिनला फळांच्या व्यापाराचे मोठे प्रदर्शन भरते. आमचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो, त्यामुळे मालक गेले आणि मी पॅकहाउसमधून व्हिडिओ कॉलवर त्यांच्यासोबत होते. मालकांनी फोनचा पडदा एका आयातदाराकडे वळवला. मी माझे नाव सांगितले, थांबले, आडनाव सांगितले, आणि मग म्हटले की तुमचा कंटेनर निघाल्यापासून तुमच्या हाती कागद पडेपर्यंतची जबाबदारी माझी. त्यांनी माझे आडनाव एकदा विचारून बरोबर उच्चारले. संध्याकाळी त्यांच्या सहकाऱ्याचे ईमेल आले, ज्याला मी कधी पाहिले नव्हते. त्याने ‘डिअर मिझ’ लिहून पुढे माझे आडनाव लिहिले होते आणि पहिलेच वाक्य असे होते की कागदपत्रांसाठी तुमच्याशी बोलायचे, असे मला सांगण्यात आले आहे.

पॅकहाउसमधल्या दोन मुलींची नावे मी येत्या जुलैच्या तुकडीसाठी देणार आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोणालाच रविवार मोकळा मिळत नाही, म्हणून शेतीमालाच्या निर्यातीतल्या लोकांनी पावसाळ्यातली तुकडीच घ्यावी. पैसे भरण्यापूर्वी मी बाईंकडून तिन्ही ईमेल तपासण्याच्या तारखा लिहून घेणार आहे, आणि मुलींना सांगणार आहे की ते आठ छापील नमुने घरी आणले तरी चालतील, पण पत्र लिहिताना समोर ठेवू नयेत.